भरती नसलेल्या समुद्रावरची बंदरं

दिवस पहिला : जेनोआ

इटलीतल्या जेनोआच्या धक्क्यावर बायको बोटीकडे मान वर करून बघत होती. पंधरा मजली पांढरी बोट समोर उभी होती, तेव्हा ते साहजिकच होतं. मी मात्र वाकून खाली पाण्याकडे बघत होतो. मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं नोकरी झाली. कुठल्याही बंदरात गेलो की नजर आधी धक्क्याच्या भिंतीवर जाते. आपल्याकडे त्या भिंतीवर शेवाळाचा आणि शिंपल्यांचा पट्टा असतो, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला. भरतीला तो बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. इथे तो जेमतेम वीतभर होता.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी फक्त १४ किलोमीटरची. अटलांटिकच्या भरतीला आत शिरायला तेवढीच फट. आणि स्वतःची मोठी भरती उठवण्याएवढा हा समुद्र विस्तीर्ण नाही. हे नोकरीत असताना वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि वाकून बघितलेलं यांत फरक असतो. मुंबईत प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक (१८८८) आणि आजची इंदिरा गोदी (१९१४) बांधताना इंग्रजांना दरवाजे लावून पाणी कोंडावं लागलं, कारण आपला समुद्र दिवसातून दोनदा चार-चार मीटर खाली जातो. इथल्या माणसाने काठावर दगड रचला की धक्का तयार. पाणी आज जिथे आहे तिथेच उद्या असणार. या किनाऱ्यावर अडीच हजार वर्षांपासून बंदरं का नांदली, त्याचं एक कारण मला या वीतभर पट्ट्यात दिसलं.

सात रात्रींची सफर, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बायको महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली आहे, त्यामुळे आमचं आधीच ठरलं होतं : बंदरात उतरायचं आणि बंदरच बघायचं. बसमध्ये बसून दूरच्या शहरांमागे धावायचं नाही.

दुपारी हाताशी वेळ होता म्हणून जुन्या बंदरावरचा पालाझ्झो सान जॉर्जो बघून आलो. मूळ इमारत १२६० ची. व्हेनिसबरोबरच्या कोर्चुलाच्या लढाईनंतर मार्को पोलो जेनोआच्या कैदेत होता, तो याच इमारतीत, असं परंपरा सांगते. पुढे इथे बँक आली. आणि आज इथे काय आहे? बंदराच्या प्राधिकरणाची कचेरी! आमचं बॅलार्ड इस्टेटमधलं पोर्ट हाऊस आठवून मी दारातल्या पहारेकऱ्याला मीही बंदरातलाच असल्याचं खुणांनी सांगितलं. त्याने हात पुढे केला. भाषा कळत नसताना झालेलं ते हस्तांदोलन मला फार मोलाचं वाटलं.

बोळात एका जुन्या दुकानात फरिनाता खाल्ला. बेसन, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, एवढंच. ते घोळ करून भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत ओततात आणि लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून करपट-खरपूस, आत लुसलुशीत. बायको पहिल्या घासाला म्हणाली, "अहो, हे तर आपलं धिरडं!" शाकाहारी माणसाचं या प्रवासात कसं होणार याची तिला वाटणारी काळजी तिथेच मिटली.

संध्याकाळी बोट सुटली. लांतेर्ना नावाचं इथलं दीपगृह ७७ मीटर उंच आहे. आजचा मनोरा १५४३ चा, पण त्या खडकावर दिवा त्याच्याही चारशे वर्षं आधीपासून जळतोय. अंधार पडेपर्यंत आम्ही डेकवर उभे होतो. दिवा मागे मागे जात लहान झाला, पण दिसायचा काही थांबला नाही.

दिवस दुसरा : चिव्हितावेकिया

सकाळी आठला बोट लागली आणि अर्ध्या तासात बोटीतली बहुतेक माणसं रोमच्या बसमध्ये बसली. रोम इथून साधारण ८० किलोमीटर. कोणी रोमला गेलं तर त्याला चूक म्हणणार नाही, पण आठ तासांत जाऊन-येऊन रोम बघणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाला हात जोडून परत फिरण्यासारखं. आम्ही मागे राहिलो आणि मला त्याचं समाधान आहे.

चिव्हितावेकिया हे गावच बंदरासाठी वसलं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट ट्राजान याने ते बांधलं, तेव्हाचं नाव सेंतुमसेले. बांधकाम चालू असताना धाकटा प्लिनी हा रोमन लेखक इथे पाहुणा होता. त्याने पत्रात लिहून ठेवलंय की बंदराच्या तोंडाशी प्रचंड धोंडे तराफ्यांतून आणून एकावर एक टाकतात, ते स्वतःच्या वजनाने घट्ट बसतात आणि हळूहळू त्यांचं बेट होतं. मी ते वाचलं तेव्हा थक्क झालो, कारण लाटरोधक बंधारा आजही याच पद्धतीने घालतात. मुंबईत असो की रत्नागिरीत, बार्ज येते, दगड पडतात, एक दिवस पाण्याच्या वर डोकं निघतं.

आतली जुनी रोमन गोदी अजून वापरात आहे. मासेमारीच्या बोटी लागलेल्या, जाळी वाळत घातलेली. शेजारी फोर्ते मिकेलांजेलो हा किल्ला. १५०८ मध्ये ब्रामान्ते या वास्तुकाराने सुरुवात केली, १५३५ ला काम पुरं झालं, आणि मुख्य बुरुजाचा वरचा भाग मायकलअँजेलोचा मानतात, म्हणून हे नाव. आम्ही तटाच्या सावलीत तासभर बसलो.

तिथे बायकोने शाळेतला जुना धडा काढला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या सागरी नोंदींत आपल्या किनाऱ्यावरची सुप्पारा, कल्लिएना आणि सेमिल्ला ही बंदरं येतात. म्हणजे सोपारा, कल्याण आणि चौल. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात ब्राँझचा छोटा पोसायडन सापडला, समुद्राचा देव. तो घाट चढून तिथपर्यंत पोचला तर सोपाऱ्याचा माल इथपर्यंत पोचण्यात नवल ते काय? सोपाऱ्याची खाडी आज गाळाने भरलीय, बंदर म्हणून ओळखूही येत नाही. इथे मात्र गोदीत पाणी आहे आणि पाण्यात बोटी आहेत. या गोष्टीचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

दिवस तिसरा : पालेर्मो

सकाळपासून पाऊस. बोट गावाला लागूनच उभी राहते, त्यामुळे छत्री घेऊन चालतच निघालो. ग्रीकांनी या गावाला पानोर्मोस म्हटलं, म्हणजे सगळंच बंदर. पण जुनं बंदर, ज्याला ला काला म्हणतात, ते आता नौकाविहाराच्या होड्यांनी भरलेलं आहे आणि पावसात तिथे बघण्यासारखं फार नव्हतं.

नॉर्मन राजांच्या वाड्यातलं पॅलेटाइन चॅपल मात्र बघावंच. राजा ख्रिस्ती, भिंतींवरचं सोनेरी मोझेइक बायझंटाइन पद्धतीचं आणि लाकडी छत अरबी कारागिरीचं, मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं. वाड्याच्या भिंतीत ११४२ चा एक शिलालेख आहे, तो लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. बंदराच्या गावी असंच असतं. जो येतो त्याला कळेल असं लिहावं लागतं. आमच्या लहानपणी गोदीच्या दारावरच्या पाट्याही तीन-चार लिप्यांत असायच्या.

बल्लारोच्या बाजारात पानेल्ले खाल्ले. बेसन शिजवून घट्ट गोळा करायचा, थापायचा, वड्या पाडायच्या आणि तळायच्या. ही सरळ सरळ पाटवडी! फक्त ओवा-जिऱ्याच्या जागी पार्सली, आणि पावात घालून वर लिंबू. पाऊस, गाडीवर तळणीची वाफ, हातात गरम पाव. आम्ही दोन-दोन खाल्ले.

दिवस चौथा : व्हॅलेटा

ज्यांना ही सफर करायची असेल त्यांना एकच सांगेन : माल्टाच्या दिवशी पहाटे उठून डेकवर जा. नाश्ता नंतर मिळतो.

साडेसहाला आम्ही वर गेलो तेव्हा अंधार होता. मग समोर क्षितिजावर एक फिकट रेघ आली. ती हळूहळू भिंत झाली. भिंतीला बुरूज फुटले. बोट दोन टोकांच्या मधून आत शिरली, उजव्या हाताला सेंट एल्मोचा किल्ला, आणि तेवढ्यात ऊन पडलं. माल्टाचा दगड मधाच्या रंगाचा आहे. ऊन पडताच सगळं बंदर, तट, घरं, घुमट, पायऱ्या, एका क्षणात पेटल्यासारखं झालं. पाणी काळंभोर आणि त्याच्या तिन्ही बाजूंना सोनं. डेकवर शेकडो माणसं होती, पण कुणी बोलत नव्हतं. बायकोने माझा हात धरला होता, तो बोट धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही.

१५६५ मध्ये तुर्कांच्या आरमाराने या बंदराला वेढा घातला. सेंट जॉनचे सरदार, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणारे ख्रिस्ती लढवय्ये, आणि माल्टाची साधी माणसं उन्हाळाभर लढली. सेंट एल्मो २३ जूनला पडला, पण समोरचं बिर्गू गाव टिकलं. बिर्गूच्या सेंट अँजेलो किल्ल्यापासून सेंग्लेआपर्यंत खाडीच्या तोंडावर लोखंडी साखळी ताणली होती, गलबतं आत येऊ नयेत म्हणून. सप्टेंबरमध्ये वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, मोकळ्या टेकडीवर नव्या शहराची पायाभरणी झाली. सरदारांच्या प्रमुखाच्या, ला व्हालेतच्या, नावावरून ते व्हॅलेटा.

वरच्या बराक्का बागेतून सगळं बंदर पायाखाली दिसतं. बाराला खालच्या तोफखान्यातून तोफ डागतात. पूर्वी बंदरातल्या बोटी त्या आवाजावर आपली घड्याळं लावत. तोफ झाली, कबुतरं उडाली, आणि मग एका वयस्क माल्टीज गृहस्थांनी आम्हाला समोरचं पाणी दाखवून 'ओहायो'ची गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक होती, पण त्यांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. दुसऱ्या महायुद्धात माल्टावर रोज बॉम्ब पडत होते, अन्न आणि तेल संपत आलं होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये १४ मालवाहू बोटींचा तांडा निघाला, त्यातल्या पाचच पोचल्या. शेवटची 'ओहायो' ही तेलवाहू बोट. इंजिन बंद, पाठीचा कणा मोडलेला, पाणी डेकला लागलेलं. दोन विनाशिकांनी तिला दोन्ही बाजूंनी बांधून, खांद्यावर आजारी माणूस आणावा तशी, या बंदरात आणली. १५ ऑगस्टला. तटांवर माणसांची गर्दी होती, बँड वाजत होता. तेल उतरवून झालं आणि बोट तळाला बसली. बोटीला जीव असतो असं आमचे जुने तांडेल म्हणत. ते लोक उगाच बोलत नसत.

दुपारी डायसा नावाच्या छोट्या रंगीत होडीतून बिर्गूला गेलो. नावाड्याची भाषा कानाला ओळखीची वाटत होती. माल्टीज ही अरबीच्या कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत. जगाला दिन्या म्हणतात, म्हणजे आपली दुनिया. पुस्तकाला क्तिएब, म्हणजे किताब. होडी बिर्गूच्या पायऱ्यांना लागली. त्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि पाणी नेहमी त्याच पायरीवर असतं. भाऊच्या धक्क्यावर मी लहानपणी शेवाळाच्या पायऱ्यांवरून घसरलो आहे, म्हणून हे खास बघितलं.

१८७८ मध्ये रशियाला धाक बसावा म्हणून इंग्रजांनी मुंबईहून हजारो हिंदी सैनिक बोटींनी इथे आणले होते. म्हणजे आमच्याच बंदरातून निघून आमची माणसं दीडशे वर्षांपूर्वी याच पाण्यात उतरली. संध्याकाळी बोट सुटताना मी तोच विचार करत होतो.

दिवस पाचवा : समुद्र

दिवसभर पाणी. कपडे धुतले, मुलीला फोन केला. दुपारनंतर वारा वाढला. कोकणातले कोळी मतलई आणि खारे वारे ओळखतात, तसं इथे प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला नाव आहे : सिरोको, लेव्हांते, ग्रेकाले. आजचा वायव्येचा, मिस्त्राल. रात्री बोट जराशी डुलत होती आणि मला फार छान झोप लागली.

दिवस सहावा : बार्सिलोना

बोट शहरापासून लांब, लांबलचक धक्क्याला लागते. बसने कोलंबसच्या ६० मीटर उंच खांबाशी सोडलं. सग्रादा फामिलिया हे इथलं प्रसिद्ध चर्च बाहेरून बघितलं, कारण बायकोची तेवढी इच्छा होती. भव्य आहे. पण आतल्या तिकिटाची रांग सोडून आम्ही परत बंदराकडे वळलो.

द्रासानेस म्हणजे राजाचा जुना जहाज कारखाना. दगडी कमानींची दालनं, एकामागून एक. एकेका दालनात एकेक गलबत बांधायचं आणि उतारावरून पाण्यात ढकलायचं. आज तिथे सागरी संग्रहालय आहे. १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत ख्रिस्ती आरमाराच्या प्रमुखाचं जहाज होतं, ते याच ठिकाणी बांधलेलं. त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती आत ठेवलीय, ६० मीटर लांब. वर सोनेरी नक्षी आणि खाली वल्ही मारणाऱ्यांची बाकं. बाकावर माणसं साखळीने बांधलेली असत आणि तिथेच जेवत, तिथेच झोपत. नक्षीपेक्षा मला ती बाकं जास्त वेळ दिसत राहिली.

तिथून सांता मारिया देल मारला गेलो, म्हणजे समुद्राची सांता मारिया. या देवळासाठी मी हा दिवस राखून ठेवला होता. १३२९ मध्ये पायाभरणी, १३८३ मध्ये पूर्ण. बांधलं ते राजाने नव्हे, बंदराच्या वस्तीतल्या लोकांनी. आणि दगड आणले ते बास्ताइशोंनी. बास्ताइश म्हणजे बंदरातला हमाल. बोटीतला माल धक्क्यावर आणायचं त्यांचं काम. ते आटोपून ही माणसं मोंजुइकच्या खाणीतून धोंडे पाठीवर घेऊन इथवर चालत यायची. मजुरी नाही, देवाचं काम म्हणून.

मुख्य दाराच्या लाकडावर दोन छोट्या ब्राँझच्या आकृत्या ठोकलेल्या आहेत. वीतभरही नसतील. ओझं घेतलेला, वाकलेला माणूस. राजा नाही, संत नाही, सरदार नाही. देवळाच्या महाद्वारावर हमाल आहे. त्याच्या पायांच्या पोटऱ्या ताणलेल्या आहेत, मान खाली गेलीय.

माझे वडील सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले आणि गोदीत हमाल झाले. त्यांचा पोती ओढायचा लोखंडी आकडा अजून आमच्या घरी आहे, मूठ झिजून गुळगुळीत झालेला. त्यांच्या मानेवर, खांद्याच्या जरा वर, ओझ्याने आलेली गाठ होती. लहानपणी मी तिच्यावर तेल चोळायचो. आपल्याकडे माथाडींसाठी कायदा झाला तो १९६९ मध्ये, आणि त्यासाठी अण्णासाहेब पाटलांसारख्यांना किती झगडावं लागलं ते साताऱ्याकडच्या घराघरात माहीत आहे. इथे साडेसहाशे वर्षांपूर्वी बांधलेल्या देवळाचं दार हमालांची आठवण ठेवून उभं आहे.

मी त्या ब्राँझच्या मानेवर बोट ठेवलं. मग आत जाऊन बसलो. आत खांब उंच, सडसडीत, एकमेकांपासून लांब लांब, आणि मधल्या जागेत नुसता उजेड. बायको काही बोलली नाही. बराच वेळ आम्ही तिथे होतो.

दिवस सातवा : मार्सेय

मराठी माणसाला हे बंदर मार्सेलिस म्हणून ठाऊक आहे, आणि ते एकाच कारणाने.

बोटी आता गावाच्या उत्तरेला खूप दूर लागतात. गावात नेणाऱ्या बसच्या रांगेत आमचा सव्वा तास गेला; त्या दिवशी तरी तो जायला नको होता. उतरलो ते झोलिएतला. १८४४ ते १८५३ दरम्यान बांधलेली ही गोदी, वाफेच्या बोटींच्या काळातलं इथलं मोठं बंदर. समोर दगड-विटांची एकच एक लांब वखार आहे, ३६५ मीटर लांब, ५२ दारं, सात मजले. वर्षाचे दिवस, आठवडे आणि आठवड्याचे वार! आता तिथे दुकानं आणि कचेऱ्या आहेत. पण दारांची रुंदी बघून मला लगेच कळलं की इथून किती पोत्यांच्या हातगाड्या एका वेळी जात असतील.

८ जुलै १९१० ची सकाळ. इंग्लंडहून हिंदुस्थानला नेणारी 'मोरिया' बोट या बंदरात उभी होती आणि तीत कैदी म्हणून सावरकर होते. शौचकूपाच्या पोर्टहोलमधून, म्हणजे छोट्या गोल खिडकीतून, त्यांनी स्वतःला बाहेर काढलं, पाण्यात उडी घेतली, धक्क्यावर चढले आणि पळाले. फ्रेंच भूमीवर पाय लागला होता, म्हणजे इंग्रजांचा हात तिथे पोचायला नको होता. पण फ्रेंच शिपायाने धरलं आणि मागून आलेल्यांच्या हवाली केलं. पुढे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात पकडण्यात अनियमितता झाल्याचं मान्य केलं आणि तरी परत देण्याचं बंधन इंग्लंडवर घातलं नाही. हा धडा बायकोने शाळेत कितीतरी वर्षं शिकवला.

"किती लांब असेल हो अंतर?" तिने विचारलं.

मी गोदीतला माणूस, म्हणून जे वाटलं ते सांगितलं. अंतर फार नसावं, बंदरात उभ्या बोटीपासून धक्का जवळच असतो. अवघड आहे ते पुढचं. पोर्टहोल खांद्यांपेक्षा फारसं मोठं नसतं. आणि पोहून गेल्यावर समोर येते ती धक्क्याची उभी, ओली भिंत.

जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी, संग्रहालयासमोरच्या धक्क्यावर, गावातली पोरं पाण्यात उड्या मारत होती. ऊन चांगलं होतं. एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा काठावरून सरळ खाली गेला, वर आला, आणि शिडीकडे न जाता भिंतीलाच भिडला. दगडांच्या फटीत बोटं घातली. एकदा घसरला. दुसऱ्यांदा कोपर वर आला, मग गुडघा, आणि कातडी खरचटून तो वर आला, धापा टाकत. मित्र हसत होते. बायको त्याच्या गुडघ्यावरच्या रक्ताकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

त्यानंतर जुनं बंदर बघितलं. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशी आले ते याच खाडीत. बाजारपेठेच्या मागे एका बागेत प्राचीन धक्क्याचे दगड उघडे ठेवलेत. १९६७ मध्ये खोदकामात सापडले. पाणी तिथून कधीच हटलंय, गवत उगवलंय, पण दगडांची सरळ रेघ बघताच धक्का ओळखू येतो. आणि पानिस खाल्लं. पुन्हा बेसनच, तळलेलं. तीन बंदरांत तीन नावं आणि पदार्थ एकाच डब्यातला.

दिवस आठवा : जेनोआ

सकाळी लांतेर्नाच्या समोरून आत आलो. खालून कामगाराने दोर झेलला, धक्क्यावरच्या बोलार्डवर, म्हणजे लोखंडी खुंटावर टाकला, हात वर केला. सामान घेतलं, मिलानची गाडी पकडली, तिथून विमान.

मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना विमान ठाण्याच्या खाडीवरून वळलं. ओहोटी लागली होती. चिखल दूरवर उघडा पडला होता, त्यात एक होडी कलंडून पडलेली आणि तिच्याशेजारी माणूस उकिडवा बसलेला. पाणी यायची वाट बघत असावा.